बारा कोरे कुर्ते

काकूंच्या घरी रविवारी सकाळी जो कोणी यायचा, त्याला आधी खायला मिळायचं आणि मग त्याचं नाव विचारलं जायचं. हा नियम काकूंनी कधी बोलून दाखवला नव्हता, पण माझ्याबाबतीतही तसंच झालं होतं. माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून दोन दिवस रेल्वेत बसून मी लखनौला उतरले, काकांच्या मागे मागे घरात शिरले, तर काकूंनी मला आधी ताटावर बसवलं. वडिलांनी दिलेली चिठ्ठी माझ्या मुठीत भिजून गेली होती. ती त्यांनी मी हात धुतल्यावर वाचली. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. नातं लांबचं, आणि ओळख त्याहून लांबची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी शाळा आठवीत सुटली होती. ती हिंडूफिरू लागेपर्यंत माझ्या वर्गातल्या मुली दोन यत्ता पुढे गेल्या, आणि धाकट्या मुलींच्या बाकावर बसायला मला लाज वाटली. घरात नुसती बसून राहण्यापेक्षा काकूंना हाताशी होईल, चार गोष्टी शिकेल, असं वडिलांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. काकूंनी ती वाचून घडी घातली आणि म्हणाल्या, "हाताशी म्हणजे काय ते आपण हळूहळू बघू. आज झोप."

काका एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायचे. घरात फार बोलायचे नाहीत. खिडकीतल्या कुंड्यांपाशी मात्र बराच वेळ काहीतरी पुटपुटत उभे असायचे. संस्थेच्या वसाहतीत खालच्या मजल्यावर आमचं क्वार्टर होतं. काकू सकाळी एका शाळेत शिकवायच्या, दुपारी घरी यायच्या, पायांना तेल लावून घ्यायच्या. स्वयंपाकघरात गावाहून आलेल्या काळ्या मसाल्याचा डबा होता; त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, कारण तो संपला की वर्षभर पुन्हा मिळायचा नाही. ज्वारीचं पीठ तिकडे मिळत नसे. थंडीत बाजरी मिळायची, मग मी भाकरी थापायचे, आणि त्या थापण्याचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या तिवारी चाची जिन्यावरून विचारायच्या, की बिटिया, कपडे कूट रही हो क्या. मी हिंदीत उत्तर जुळवेपर्यंत त्या खाली येऊन भाकरी खाऊन गेलेल्या असायच्या.

रविवारी जे लोक यायचे ते आपलं गाव, आपला देश सोडून आलेले. अफगाण जास्त, मधूनच ब्रह्मदेशातलं एखादं कुटुंब. काकूंच्या शाळेत अशाच एका बाईने मुलीच्या फीसाठी सवलत मागितली. काकूंनी सवलतीऐवजी तिला एका ओळखीच्या घरी शिवणाचं काम मिळवून दिलं. तिने दुसरीला सांगितलं. मग चपलांचा ढीग दारात दर रविवारी वाढतच गेला. संस्था नाही, पाटी नाही, नुसती काकूंची बैठकीची खोली आणि पोह्यांची कढई. पोटं भरली की काकू एकच प्रश्न विचारायच्या, आपल्या त्या सातारी हिंदीत: "वहाँ हाथ से क्या करते थे?" काय शिकलात, किती शिकलात, असं त्या विचारत नसत. या माणसांकडे निर्वासित असल्याचा कागद असायचा, पण त्या कागदावर नोकरी मिळत नसे. साहेबाच्या खुर्चीवर बसलेला माणूस कागद बघायचा आणि परत द्यायचा. म्हणून मग दुकानं, गल्ल्या, कारखानदारांची घरं, जिथे कागदाआधी हात बघतात अशा जागा. आणि काकूंचे गुडघे जिने चढू देत नसत, म्हणून त्या जागांवर चालायचं काम माझ्याकडे आलं.

आता वयाच्या या टप्प्यावर मी गोमती नगरातल्या एका ऑफिसात बसते आणि हेच काम करते. टेबल आहे, कम्प्युटर आहे, पाण्याचा कूलर आहे. लोक तसेच आहेत. दिवसभरात सहा जणांना सहा ठिकाणी पाठवावं, त्यांतल्या पाच जणांनी संध्याकाळी परत यावं, असं चालतं. माणसाला थकायला याहून जास्त काही लागत नाही. पण त्या दिवसांत मी थकत नव्हते, मी घाबरत होते. वाक्य बोलण्याआधी मनात तीनदा म्हणून बघायचे. निघण्याआधी गॅस बंद केला का ते दोनदा बघायचे. त्यात एक चूक माझ्या हातून होऊन गेली होती. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, काबूलमध्ये त्यांचं स्वतःचं दुकान होतं. अमीनाबादच्या एका दुकानदाराने त्यांना बुधवारी बोलावलं होतं आणि मी त्यांना गुरुवार सांगितला. गुरुवारी अमीनाबाद बंद. ते बिचारे कुलूप लावलेल्या शटरसमोर दुपारपर्यंत उभे राहिले, आणि दुकानदाराने बुधवारी संध्याकाळीच दुसरा माणूस ठेवला. काकूंना इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "रंजू, पुन्हा असं झालं तर तिकीट काढून गाडीत बसवून देईन." नंतर त्यांनीच मला वाढलं, आग्रह केला, पण ते वाक्य माझ्या पोटात राहिलं ते राहिलं. गावी परत जायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिथे माझं वाईट कोणी करणार नव्हतं. लगेच लग्न करून दिलं असतं, इतकंच.

झरमीनाआपा आल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. उंच बाई, पस्तिशीच्या, डोक्यावरची चादर सतत एका हाताने सावरणाऱ्या. त्या कंदहारच्या. नवरा तिकडेच गेला होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सासूच्या इलाजासाठी त्या दिल्लीहून लखनौच्या मोठ्या इस्पितळात आल्या होत्या. सासू गेली, आणि आपा डालीगंजच्या एका खोलीत राहून गेल्या. मुलगी, पलवशा, अकरा वर्षांची, दिल्लीत नवऱ्याच्या चुलतभावाकडे ठेवलेली होती. आणि त्या चुलतभावाच्या घरी आता कॅनडाचे कागद आले होते. फेब्रुवारी संपता संपता ते निघणार होते. त्याने निरोप पाठवला होता, की वहिनी, तुला नेमाचं काम लागलं असेल, खोली असेल, तर येऊन मुलगी घेऊन जा. नसेल तर आमच्याबरोबर येऊ दे, आमच्या कागदांत तिचं नाव घालता येतंय. तिला कशाची ददात पडणार नाही. तो वाईट माणूस नव्हता. काकूंनी हे सगळं ऐकलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. आपांनी पिशवीतून एक पुरुषी सदरा काढला आणि काकूंच्या मांडीवर ठेवला.

पांढऱ्या सदऱ्यावर पांढऱ्या रेशमाचं काम. छातीवर एक चौकोनी पट्टा, त्यात चांदण्या, त्रिकोण, बारीक बारीक घरं, सगळं इतकं नेमकं की काकू चष्मा वर करून, खाली करून बघत राहिल्या. तिकडे नवऱ्या मुलाच्या सदऱ्यावर हे काम करतात आणि त्याला खामक म्हणतात. काका कुंड्यांपासून उठून आले, त्यांनीही वाकून पाहिलं आणि म्हणाले, की पानाच्या पेशी अशाच दिसतात. काकांनी पाहुण्यांसमोर बोललेलं ते त्या महिन्यातलं पहिलं वाक्य असावं. काकू हरखून गेल्या होत्या. पांढऱ्यावर पांढरं भरतकाम म्हणजे चिकन, आणि चिकन म्हणजे लखनौ. या बाईला तर या शहराने डोक्यावर घ्यायला पाहिजे, असं त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या.

शहराने डोक्यावर घेतलं नाही. आपा आणि मी तीन आठवडे चाललो. सकाळी धुक्यात सायकलरिक्षा दिसायची नाही, नुसती घंटी ऐकू यायची. अमीनाबादच्या कापडाच्या दुकानांत, मागच्या गल्ल्यांत, चौकापर्यंत. आपांची हिंदी माझ्याहून चांगली होती, सिनेमे बघून आणि दिल्लीत राहून आलेली. त्यामुळे बोलायला म्हणून मी बरोबर आणि बोलायच्या त्या. एका दुकानदाराने आम्हाला दोघींना बघून विचारलं, की काम नेमकं कोणाला पाहिजे. भाजलेल्या शेंगा घेऊन आम्ही एखाद्या ओट्यावर बसायचो. आपा सालं चादरीच्या टोकात गोळा करायच्या, रस्त्यावर टाकायच्या नाहीत. रविवारी त्या बटाटा भरलेली त्यांची पोळी करून आणायच्या, बोलानी. काकू खाऊन म्हणायच्या, ही आलू पराठ्याची चुलत बहीण, फक्त माहेर लांबचं. आपा हसायच्या तेव्हा तोंडावर चादर घ्यायच्या. पलवशाबद्दल त्या स्वतःहून बोलत नसत, पण रस्त्यात शाळेच्या गणवेशातल्या मुली दिसल्या की त्यांची चाल मंद व्हायची, आणि मग मीही मंद चालायचे.

शेवटी सईदा बाजी भेटल्या. अमीनाबादच्या मागे एका गल्लीत त्यांचं घर. मोठ्या व्यापाऱ्यांकडून चिकनचं काम घ्यायचं आणि आजूबाजूच्या चाळीस-पन्नास बायकांना वाटून द्यायचं, हा त्यांचा व्यवसाय. अंगणात बायका उन्हाला पाठ करून बसलेल्या, मांडीवर कापड, तोंडाने अखंड गप्पा. मी घोकून आणलेलं वाक्य म्हटलं. बाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बिटिया, हिंदी बोल रही हो कि गिट्टी तोड़ रही हो?" गिट्टी म्हणजे खडी. सगळं अंगण हसलं. मग त्यांनी सदरा हातात घेतला आणि आधी उलटा केला. सुलट बाजू त्यांनी नंतर पाहिली. मागच्या बाजूला एकही गाठ नव्हती. बाजींनी तो शेजारच्या म्हातारीकडे दिला, तिनेही उलटा करूनच पाहिला, आणि अंगणातलं हसणं थांबलं. एका लग्नाच्या घरासाठी बऱ्याच कुर्त्यांची मोठी मागणी होती, सगळ्यांवर एकच वेल. त्यातले बारा कुर्ते बाजींनी एका चादरीत बांधून आपांसमोर ठेवले. महिनाभरात हे करून आणा. जमलं तर पुढचं काम कायमचं, तशी चिठ्ठीसुद्धा लिहून देईन. आपांना गरज होती ती चिठ्ठीचीच. दिल्लीला दाखवायला.

आता चिकनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण मला तेव्हा ते कोणी सांगितले नव्हते. कुर्ता कापून, कच्चा शिवून छापखान्यात जातो. तिथे लाकडी ठशांनी त्यावर निळीची वेल उमटवतात. बायका त्या निळ्या रेघांवरून टाके घालतात. काम पूर्ण झालं की कापड नदीवर धोब्याकडे जातं, नीळ निघून जाते, आणि पांढऱ्यावर पांढरं उरतं. लखनौच्या लहान मुलीलाही हे माहीत असतं. म्हणूनच ते कोणी सांगत नाही. केळं सोलून खा असं आपण कोणाला सांगतो का?

गठ्ठा आम्ही डालीगंजला आणला. आपांनी एक कुर्ता उजेडाकडे धरला, बोटाने नीळ चोळली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्याकडे कापडावर रेघ काढत नाहीत. कापडाचे धागे मोजतात. चार धागे सोडून टाका, तीन धागे सोडून टाका. नक्षी डोक्यात असते. आणि मोजायचं म्हणजे कापड आधी धुऊन आटवलेलं पाहिजे, नाहीतर नंतर धुतल्यावर सगळं काम ओढलं जातं. निळीखाली धागेच दिसत नव्हते. त्यांनी वेल कशी आहे ते एका कागदावर काढून घेतलं आणि मला विचारलं, की ही खूण नुसती बघण्यापुरतीच असेल ना, कापड धुऊन घेऊ ना. मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. पण मी त्यांना घेऊन हिंडणारी, मी काकूंची माणूस, मलाच माहीत नाही हे कसं म्हणायचं. आणि विचारायला पुन्हा त्या अंगणात जायचं म्हणजे पुन्हा गिट्टी तोडायची. शिवाय आमच्या घरातही नवीन कापड शिवण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवायचंच, आईपासून पाहिलेलं. मी म्हटलं, "हाँ आपा, धो लीजिए." इतक्या ठामपणे मी लखनौत आल्यापासून काही बोलले नव्हते. नळावरून बादल्या मीच भरल्या. पाणी निळं झालं, मग फिकट झालं, मग स्वच्छ. दोरीवर बारा कुर्ते वाळत घातले तेव्हा ते इतके शुभ्र दिसत होते, की आम्ही दोघी खुश होऊन चहा प्यायलो.

दहा दिवसांत आपांनी दोन कुर्ते पूर्ण केले. वेल त्यांनी आपल्या पद्धतीने केली होती. पानं होती, पण ती कोनांची, फुलं होती, पण चांदण्यांसारखी. सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. काकूंनी ठरवलं की दाखवायला आपणही जाऊ. गुडघ्यांना पट्टा बांधून, चांगलं पातळ नेसून, त्या रिक्षात बसल्या. वाटेत आपांना म्हणत होत्या, की चिठ्ठी आज मागून घेऊ, उद्या दिल्लीला टाकू, परवा पोचेल. माझ्या लक्षात होतं, फेब्रुवारी लागला होता.

बाजींनी कुर्ता उलटा केला नाही. सुलटाच हातात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी गठ्ठा सोडला, तिसरा काढला, चौथा काढला, आणि प्रत्येक कोरा. अंगणातल्या बायका मांडीवरचं काम ठेवून उठल्या आणि भोवती उभ्या राहिल्या. बाजी हळू आवाजात म्हणाल्या, "बारह के बारह?" एका बाईने तोंडावर हात ठेवला. बाकीच्या कुर्त्यांवरची वेल वेगळी, ही वेगळी. लग्नाच्या घरी काय सांगायचं. पुन्हा छापायचे तर छापखान्यात रांग, आणि दहा दिवस गेलेले. आरडाओरडा त्यांनी केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "धोने को किसने कहा?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांना काही कल्पनाच नव्हती. आपांनी पाहिलं. क्षणभरच. मी खाली बघत होते. अंगणाच्या विटांमधून गवत उगवलं होतं ते मला अजून दिसतं. तिकीट, गाडी, गावचा थांबा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात आपांचा आवाज आला, शांत, की हमारे यहाँ धोकर ही करते हैं बाजी, मैंने पूछा नहीं, गलती मेरी है. बाजींनी मान हलवली. जो कारागीर विचारत नाही त्याला काम देता येत नाही, असं काहीतरी त्या काकूंना म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "हाथ तो माशाअल्लाह है, मगर यह मेरा काम नहीं है." कोरे कुर्ते त्यांनी पुन्हा बांधून घेतले. आम्हाला पाणी विचारलं. लखनौ आहे, काम काढून घेतानाही पाणी विचारतात.

परत येताना काकू पुढच्या रिक्षात, आपा आणि मी मागच्या. पुलावर मी रडायला लागले. आपांनी चादरीचं टोक दिलं डोळे पुसायला. म्हणाल्या की रडू नको, काकू तुला परत पाठवून देतील अशी भीती तुला आहे, मला माहीत आहे. मला कुठे पाठवणार, मला तर जागाच नाही पाठवायला. हे त्या समजूत काढायला म्हणाल्या होत्या. मी डोळे पुसले, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी मी नीट जेवले. हे लिहिताना मला अजूनही अवघड जातं, पण जेवले.

त्यानंतरचे तीन आठवडे काकू माझ्याशिवाय, गुडघे बांधून, स्वतः हिंडल्या. दिल्लीला पत्र टाकलं, की थांबा. तिकडून उत्तर आलं की तिकिटं काढून झाली. एका विद्यार्थी वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम अखेर मिळालं, पण ते मार्चच्या पहिल्या तारखेपासून. दिल्लीची माणसं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघणार. आपा मुलीला निरोप द्यायला गेल्या. चारबागला मी त्यांना सोडायला गेले होते. काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, वाटेत खायला आणि पलवशाला द्यायला. आपांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जशी बाजींनी हलवली होती. निदान मला तसं वाटलं.

घरी आले आणि काकू तांदूळ निवडत होत्या तिथे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर राहून गेलं असतं. काकूंचा हात ताटात तसाच थांबला. त्या म्हणाल्या, "तू तिथंच बोलली असतीस तर मी सईदा बाजींच्या पाया पडले असते गं. आमच्या पोरीनं चुकीचं सांगितलं, या बाईचा दोष नाही, म्हटलं असतं. काम देणारी बाई ती, कारागिरावरचा डाग तिला चालत नाही. पोरीवरचा चालला असता." मी विचारलं, मला आता परत पाठवणार का. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं मलाच कळलं, हा प्रश्न आत्ता विचारायचा नव्हता. "तुला कुठं पाठवू," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्या बोलण्यात माया होती, पण थकवा जास्त होता. दुसऱ्या दिवशी त्या बाजींकडे गेल्या. बाजींनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं की कुर्ते तर आता गेले, नवीन हंगामात बघू. ते बघणं झालं नाही. काकू होत्या तोवर त्यांनी मला मुलीसारखं सांभाळलं, माझं लग्न त्यांनीच लावलं, लखनौजवळच्या बख्शी का तालाबला हवाई दलात असलेल्या साताऱ्याकडच्याच माणसाशी, त्यामुळे मी लखनौतच राहिले. माझी मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. हे सगळं मला त्या घराने दिलं. गाडीत बसवून देण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही; त्यांना ती आठवतही नसावी.

पलवशा कॅनडात शिकली, तिला आता मुलं आहेत. आपा अकरा वर्षांनी तिच्याकडे गेल्या. म्हणजे शेवट वाईट झाला नाही, असं लोक मला सांगतात, आणि मी हो म्हणते. अकरा वर्षं म्हणजे किती, ते मी मोजत बसत नाही.

आपा दिल्लीहून परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मेसचं काम सुरू झालं. मी सकाळी तिथे गेले. मोठा तवा तापत होता, परातीत पिठाचा डोंगर, आणि आपा बाह्या वर करून पाटावर बसलेल्या, डोळे सुजलेले. मी समोर बसले, गोळे करायला घेतले. मग म्हटलं, की आपा, मी काकूंना सांगितलं, धुवायला मीच सांगितलं होतं. काकू बाजींकडेही जाऊन आल्या. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचं लाटणं थांबलं. माझ्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रिक्षात चादरीचं टोक देणारा तोच चेहरा होता, पण एकदम म्हातारा झालेला.

"क्यों बताया?" त्या म्हणाल्या. "जब से आई हूँ, सब मुझे देते हैं. खाना, कमरा, काम, दवा. सबका लेती हूँ. एक चीज मैंने दी थी किसी को. वह भी तूने वापस कर दी."

मेसचा माणूस ओरडला की मुलं साडेआठला येतील. आपांनी माझ्या हातातला गोळा घेतला, तो मोठा झाला होता; त्यातलं चिमूटभर पीठ काढून परातीत टाकलं, आणि लाटायला लागल्या.